अध्यक्षांचं सफरचंद

पुणतांब्याच्या गोदाकाठ पेरू उत्पादक गटाचे अध्यक्ष कानिफनाथ गाडेकर यांचं पोट चार दिवस साफ झालं नव्हतं आणि निम्म्या गावाला ते ठाऊक होतं. अण्णांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नसे. टपरीवर चहा घेताना कुणी सहज "काय अण्णा, कसं काय" म्हणालं, की बाकीची माणसं पिकाचं नाहीतर पोराच्या लग्नाचं सांगतात. अण्णा पोटाचं सांगत, तेही कालच्या आणि परवाच्या प्रयत्नांसकट. एरंडेल घेऊन झालं होतं, इसबगोल झालं होतं, गरम पाण्यात तूप झालं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून सकाळी उलटं चालूनही पाहिलं होतं आणि त्या नादात ते उसाच्या सरीत पडले होते.

अण्णांचं वय बासष्ट. सात एकर पेरूची बाग आणि आवाज असा, की गटाच्या बैठकीला माईक लागत नसे. बारा वर्षं अध्यक्ष तेच होते. दुसरं कुणी उभंच राहत नव्हतं, कारण उभं राहायचं म्हणजे त्या आवाजावर आवाज काढायचा.

शेवटी त्यांची बायको छबूबाई वैतागली. टपरीवर सांगताय ते एकदा डॉक्टरला सांगा, निदान त्याचं ते कामच हाय, असं तिने सुनावलं. अण्णांचे शाळेपासूनचे सोबती उत्तमराव साळवे एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते आणि आता निवृत्त होऊन गावातच राहत होते. त्यांची मुलगी यशोधरा नगरच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ होती. उत्तमरावांनी तिला फोन करून वेळ ठरवली आणि एका मंगळवारी दोघं सोबती सकाळच्या एसटीने नगरला निघाले. वाटेत अण्णांनी पुढच्या सीटवरच्या अनोळखी मास्तरांना उलटं चालण्याचा प्रसंग सांगायला घेतला, तेव्हा उत्तमराव उठून मागच्या बाकावर जाऊन बसले.

दवाखान्यात रक्त काढलं, वजन केलं, पोट दाबून पाहिलं. डॉक्टरांच्या मते पोटात काळजीचं काही नव्हतं. मात्र कोलेस्टेरॉल चांगलंच वाढलं होतं आणि साखर अगदी काठावर येऊन बसली होती. त्यांनी रोज घ्यायची एक गोळी लिहून दिली, ती मनाने बंद करायची नाही असं दोनदा बजावलं आणि खाण्यापिण्याचं समजून घ्यायला अण्णांना यशोधराकडे पाठवलं.

यशोधरा लहानपणी अण्णांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलेली मुलगी. तिने आडपडदा न ठेवता सगळं विचारलं. सकाळी काय खाता, दुपारी काय, मधल्या वेळेत काय, पाणी किती पिता, चालता किती. अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितलं. सकाळी फरसाण, दुपारी भाकरी, संध्याकाळी पुन्हा भाकरी आणि मध्ये जे पुढ्यात येईल ते. चालण्याचा विषय त्यांनी उलट्या चालण्यावर आणून ठेवला. ते सगळं ऐकून झाल्यावर तिने फळांचं विचारलं.

"फळं आमी इकतो," अण्णा म्हणाले. "खातंय कोन?"

यशोधराने कपाळाला हात लावला. मग तिने स्वतःच्या डब्याशेजारचं सफरचंद उचललं, धुतलं आणि ते हातात धरून अण्णांना समजावलं. सालीत चोथा असतो, म्हणून साल काढायची नाही. गरात पेक्टिन नावाचा एक पदार्थ असतो. तो पोटात गेल्यावर खळीसारखा घट्ट होतो आणि जाताना थोडी चरबी सोबत घेऊन जातो, म्हणून कोलेस्टेरॉल थोडंथोडं उतरायला मदत होते. फळ गोड असलं तरी अख्खं चावून खाल्लं तर साखर हळूहळू रक्तात उतरते, रस काढून प्यायलं तर एकदम उसळते. पोटाला तर चांगलंच, पण भरपूर पाणी प्यायला हवं. आणि हे सगळं गोळी चालू ठेवून आणि रोज चाळीस मिनिटं सरळ चालून, असं ती 'सरळ' शब्दावर जोर देऊन म्हणाली. बोलता बोलता तिने सफरचंद मधोमध कापलं आणि अर्धं अण्णांपुढे धरलं.

अण्णांनी ते खाल्लं. बासष्ट वर्षांत त्यांनी सफरचंद खाल्लं नव्हतं असं नाही, पण ते नेहमी कुणाच्यातरी आजारपणात, खाटेशेजारच्या ताटलीत काळी पडलेली एखादी फोड, एवढंच. हे तसं नव्हतं. कचकन तुटलं, रस हनुवटीवर आला, आणि अण्णा गप्प झाले. यशोधराला वाटलं, काकांनी कोलेस्टेरॉल मनावर घेतलं. तेवढ्यात अण्णांनी उरलेलं अर्धंही उचललं. ते तिचं दुपारचं फळ होतं. तिने आहाराचा छापील कागद घडी करून त्यांच्या खिशात ठेवला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा असा होता, की वर्षभरापूर्वी पेरूला उठाव नव्हता तेव्हा याच अण्णांनी गटाच्या बैठकीत छातीवर हात ठेवून ठराव मांडला होता. गटाच्या कुठल्याही सभासदाच्या घरात बाहेरचं फळ येणार नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना पेरू न्यायचा, शाळेत सत्कार झाला तर पेरूच द्यायचा. सफरचंदावर तर त्यांचा विशेष राग होता. दीड हजार किलोमीटरवरून मेण लावून येतं आणि आपल्या पेरूच्या उरावर बसतं, असं ते म्हणाले होते. ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला. पुढच्याच महिन्यात गटातला गोरक्ष बाळंत झालेल्या भावजयीला भेटायला सफरचंदं घेऊन गेला, हे कळल्यावर अण्णांनी त्याला भर बैठकीत उभं करून माफी मागायला लावली होती. गोरक्ष पस्तिशीचा, तापट माणूस. माफी त्याने मागितली, पण ती तो विसरला नव्हता.

त्यामुळे अण्णांना सफरचंद गावात घेणं शक्य नव्हतं. राहात्याच्या बाजारात तर त्यांना प्रत्येक फळवाला नावानिशी ओळखत होता. उरली शिर्डी. तिथे देशभरातून माणसं येतात, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, आणि जे बघतात ते हार घ्या म्हणायला बघतात. अण्णा दर सोमवारी आणि गुरुवारी इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून, काळीपिवळी जीपने शिर्डीला जाऊ लागले. एक सफरचंद तिथेच खायचं आणि बाकीची पिशवीत घालून आणायची, असा क्रम ठरला. आणलेली ते बागेतल्या मोटारीच्या खोलीत, पेरूला घालायच्या पिशव्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवत. खोलीला पेरूचा इतका वास होता, की त्यात सफरचंदाचा वास कुणाला येणं अवघडच. सकाळी पाण्याची मोटार चालू करायच्या निमित्ताने ते आत जात, दार ओढून घेत आणि सालीसकट, सावकाश, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावून एक सफरचंद खात.

गावाने याचा अर्थ आपल्या परीने लावला. कानिफअण्णा कधी देवाच्या वाटेला गेलेला माणूस नव्हता. देवाबद्दल त्यांचं वाईट मत नव्हतं, फक्त त्यांची भेट होत नव्हती. असा माणूस आठवड्यातून दोनदा शिर्डीला जातो म्हणजे साक्षात्कारच, असं लोकांनी ठरवून टाकलं. त्यात अण्णांचा चेहरा खरंच उजळला होता. पोट सुटलं होतं, ते आत गेलं. टपरीवरचं पोटपुराण बंद पडलं, कारण आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. रोज सकाळी सहाला सगळं सुरळीत होत होतं. लोक म्हणू लागले, साईबाबांनी भक्तीची पावती दिली.

मग शेजारणीने येताना उदी आणायला सांगितली. तिचं पाहून तिच्या जावेने सांगितलं. पंधरा दिवसांत अण्णांकडे दर फेरीला दहाबारा घरांची मागणी असायची. उदी हवी तर दर्शनाच्या रांगेत उभं राहणं आलं. नाही म्हणावं तर शिर्डीला कशाला जातो ते सांगावं लागलं असतं. म्हणून अण्णा निमूट रांगेत लागत, तासभर सरकत, गाभाऱ्यापुढे हात जोडत आणि पुड्या घेऊन बाहेर येत. यशोधराने सांगितलेलं चालणं आठवड्यातले दोन दिवस तरी असं घडत होतं. देवापुढे उभं राहून ते काय बोलत ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्या म्हणण्यानुसार ते फक्त माफी मागत आणि बाहेर येऊन फळाची गाडी शोधत.

छबूबाईचा मात्र साक्षात्कारावर विश्वास बसला नाही. एकेचाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला दाढी करून, सदरा घालून बाहेर पडताना तिने फक्त लग्नांना पाहिलं होतं. त्याचं वजन उतरतंय, तो गुणगुणतोय, वेळच्या वेळी उठतोय, जेवताना कमी खातोय. सगळ्या खुणा तिने जुळवल्या आणि तिला एकच उत्तर मिळालं. ते तिने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी अण्णांची जीप सुटल्यावर तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि मागच्या जीपमध्ये बसली.

वाटभर तिने त्या बाईला काय बोलायचं ते मनाशी घोळवलं. राहाता येईपर्यंत तिच्याकडे चांगली दहाबारा वाक्यं तयार झाली होती, त्यातली निम्मी शेजारी बसलेल्या वारकरी म्हाताऱ्यापुढे उच्चारता आली नसती अशी. शिर्डीत उतरल्यावर तिने नवऱ्याला गर्दीतून अचूक ओळखलं. त्या दिवशी अण्णा आधी रांगेत गेले नाहीत. ते दोन गल्ल्या ओलांडून एका लॉजच्या मागे, गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत गेले. लॉज पाहिल्यावर उरलीसुरली शंकाही तिला राहिली नाही. ती पदर खोचून कोपऱ्यावरून वळली.

अण्णा एका उलट्या क्रेटवर बसले होते. एकटेच. हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं, डोळे मिटलेले होते आणि ते तोंडातल्या तोंडात चावण्याचे आकडे मोजत होते.

सव्विसाव्याला अण्णांनी डोळे उघडले, समोर छबूबाईला पाहिलं आणि घास तसाच गिळला.

"कवापासनं?" तिने विचारलं.

"दोन म्हैने."

तिने आणलेल्या वाक्यांतलं एकही इथे लागू पडत नव्हतं. ती शेजारच्या पायरीवर बसली आणि घाम पुसला. मग तिला राग आला, आणि तो जीपमधल्या रागापेक्षा मोठा होता.

"बाई असती तर म्या तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या," ती म्हणाली. "ह्याचं काय धरू?"

अण्णांनी खिशातून यशोधराचा कागद काढून दिला. दवाखान्याने सांगितलंय, माझा इलाज नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. छबूबाई सातवी पास होती आणि हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचायची तिला सवय होती. तिने चष्मा लावला. फळ रोज एक, असं लिहून पुढे कंसात नावं दिली होती. पहिलं नाव सफरचंद होतं. दुसरं पेरू.

"हितं पेरू लिवलाय," ती म्हणाली.

"व्हय."

"तुमी वाचलं न्हाई?"

"पैल्याच दिवशी वाचलं." अण्णांनी हातातल्या सफरचंदाकडे पाहिलं. त्यांचा आवाज, जो बारा वर्षं माईकशिवाय चालला होता, तो तिला नीट ऐकू येईना. "छबू, मला पेरू नको झालाय. बाप ग्येला तवा मी अठरा वर्सांचा हुतो. तवापासनं त्येच. छाटायचा, फवारायचा, पिशव्या घालायच्या, तोडायचा, मोजायचा. उशीला त्येचा वास, सदऱ्याला त्येचा वास. दिसभर त्येच्या मागं पळून पुन्ना त्येच तोंडात घालायचं म्हनलं की घास फिरतो. हे खाताना धा मिन्टं मला कशाची आठवन येत न्हाई. बास, एवढंच."

एकेचाळीस वर्षांत नवऱ्याने पोट सोडून दुसऱ्या कशाबद्दल इतकं सविस्तर सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने हात पुढे केला. अण्णांनी पिशवीतलं एक सफरचंद बाटलीच्या पाण्याने धुऊन तिला दिलं. ती पहिला घास खाऊन म्हणाली, की भिजल्या कापसासारखं लागतंय. दुसऱ्या घासाला म्हणाली, की आपल्या पेरूपुढं ह्येला काय चव हाय. असं प्रत्येक घासाला नाव ठेवत तिने ते देठापर्यंत संपवलं. मग दोघं जण उदीसाठी रांगेत उभे राहिले, कारण अकरा घरांनी सांगितलं होतं.

घरी आल्यावर तिने एवढंच केलं, की मोटारीच्या खोलीत उंदीर आहेत म्हणून सफरचंदं स्वयंपाकघरात पिठाच्या रिकाम्या डब्यात आणून ठेवली. त्या दिवसापासून अण्णा ओट्याशी उभे राहून सफरचंद खात आणि छबूबाई शेजारी बसून पेरूला तिखटमीठ लावून खात असे. बोलणं फारसं होत नसे, पण दार ओढून घ्यावं लागत नव्हतं.

जानेवारीत गटाचा वार्षिक मेळावा आला. दरवर्षी कुठलातरी अधिकारी येऊन फवारणीवर बोलायचा आणि लोक झोपायचे. या वर्षी गोरक्षने सुचवलं, की फळं आणि आरोग्य असा विषय ठेवू, उत्तमरावांची यशोधरा आपल्या गावची लेक आहे, तिला बोलवू. सगळ्यांना पटलं. अण्णांनी फवारणीचं महत्त्व सांगून पाहिलं, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. ते घाईघाईने उत्तमरावांकडे गेले आणि तिने आपलं नाव घेऊ नये म्हणून सांगायला लावलं. उत्तमरावांनी फोन केला. यशोधरा जवळजवळ रागावलीच. रुग्णाचं नाव मी कधीच घेत नाही, काकांनी हे सांगायची गरजच नव्हती, असं ती म्हणाली. अण्णा निर्धास्त झाले.

मेळाव्याला दोनशे माणूस होतं. यशोधरा छान बोलली. पेरूत सफरचंदापेक्षा चोथा जास्त असतो, क जीवनसत्त्व तर कितीतरी पटीने जास्त असतं, हे तिने सांगितलं तेव्हा टाळ्यांनी मांडव दणाणला आणि अण्णांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. पण एकच फळ सगळ्यांना आवडावं असं काही नाही, ती पुढे म्हणाली. ज्याला जे रोज खावंसं वाटेल त्याचा उपयोग होतो, कारण तो ते खरंच खातो. हे पटवायला तिने उदाहरण दिलं. तिचे एक रुग्ण होते, नाव ती सांगणार नव्हती. चार दिवस पोट साफ झालं नाही म्हणून आले होते. भेटेल त्याला पोटाची हकिगत सांगायचे. कुणीतरी सांगितलं म्हणून उलटं चालायला गेले आणि उसात पडले. आता रोज एक सफरचंद सालीसकट खातात, गोळी चुकवत नाहीत, आणि तीन महिन्यांत त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलंय.

मांडवातली दोनशे डोकी एकदम व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीकडे वळली. यशोधराला आपण काय केलं ते तेव्हा कळलं आणि ती बोलायची थांबली. अण्णा मांडवाच्या कापडाकडे बघत बसले होते.

गोरक्ष उठला. त्याने वर्षभर या क्षणाची वाट पाहिली होती, तरी तो आवाज न चढवता बोलला. अध्यक्षांनी उभं राहून सांगावं, हा माणूस कोण.

अण्णा उभे राहिले, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत बायकांच्या रांगेतून छबूबाई उठली.

"कोन काय, ह्येच की," ती म्हणाली. "आमच्या घरात म्या पेरू खाते, ह्ये सफरचंद खात्यात. दोघांचीबी पोटं साफ हायेत. ज्येला आनखी काय इचारायचं आसंल त्येनं सकाळी सहाला घरी यावं."

मांडवात पहिल्यांदा एक म्हातारा हसला, मग त्याच्या शेजारचा, आणि मग हसणं मागच्या रांगेपर्यंत गेलं. गोरक्षलाही हसू आलं, पण त्याने ते आवरलं. अण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ठराव मीच मांडला होता, तो मीच मोडला, आणि गोरक्षला माफी मागायला लावली तेव्हा माझं चुकलं, असं त्यांनी सांगितलं. मग ते गोरक्षपुढे गेले, त्याच्याकडे बघून हात जोडले आणि खुर्ची सोडून खाली सतरंजीवर येऊन बसले.

त्याच मेळाव्यात सगळ्यांनी गोरक्षला अध्यक्ष केलं. अण्णांना आठवडाभर फार लागलं. टपरीवर जाणं त्यांनी बंद केलं. उदीची मागणीही एका दिवसात थांबली. साक्षात्कार झालेला माणूस आणि कोलेस्टेरॉल झालेला माणूस यांत गावाने फरक केला. शेजारीण तर म्हणाली, की आधी खरं सांगितलं असतं तर सोबत दोन डझन चिकू मागवले असते. नवव्या दिवशी गोरक्ष घरी आला. गटाच्या कागदांवर सह्या कुठे करायच्या ते त्याला कळत नव्हतं. अण्णांनी दोन तास बसून समजावलं. निघताना गोरक्षने उगाच इकडेतिकडे बघत विचारलं, की त्याच्या आईला मूळव्याध आहे, तिला सफरचंद चालेल का. अण्णांनी यशोधराचा नंबर दिला.

मार्चमध्ये अण्णांची पुन्हा तपासणी होती. या वेळी छबूबाईही सोबत गेली. यशोधराने मांडवातल्या प्रकाराबद्दल दोघांची माफी मागितली. छबूबाईने ती हसण्यावारी नेली आणि आलेच आहे तर माझंही रक्त बघ म्हणाली. मनातून तिला आपला आणि पेरूचा आकडा नवऱ्याला दाखवायचा होता. दुपारी कागद आले. अण्णांचं कोलेस्टेरॉल आणखी उतरलं होतं, साखर काठावरून मागे सरकली होती. छबूबाईची साखर काठ ओलांडून कधीच पलीकडे गेली होती.

छबूबाईला ते खरं वाटेना. तिने कागद दोनदा वाचला आणि नाव तपासलं. रोज पेरू खाते, मग हे कसं, असं तिने यशोधराला विचारलं. यशोधराने तिला दिवसभराचं खाणं सांगायला लावलं. भाकरी, भाजी, पेरू, सगळं ठीक होतं. मग चहाचा विषय निघाला. छबूबाईने बोटं मोजली. उठल्यावर एक, मोटार चालू झाल्यावर एक, गडी आले की एक, ते गेले की एक, मग शेजारीण, मग पाहुणे. गुळाचा, दोन चमचे जास्त गूळ घालून. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा ती थांबली.

"काकू, दहा कप गुळाचा चहा कुठलंच फळ निस्तरू शकत नाही," यशोधरा म्हणाली. "पेरू खात राहा. चहा दोन कप, बिनगुळाचा. आणि चालायचं."

छबूबाईने चार कपांवर तोडगा काढायचा प्रयत्न केला. यशोधरा दोनावरून हलली नाही. अण्णा खिडकीबाहेर बघत होते, कारण हसलं तर घरी जाऊन काय होईल याची त्यांना पूर्ण कल्पना होती.

परतीच्या एसटीत छबूबाई राहुरीपर्यंत रक्ताचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. स्टँडवर गाडी थांबली, खिडकीशी चहावाला आला, चाय चाय करून ओरडला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग मान फिरवली. अण्णांनीही घेतला नाही. गाडी सुटल्यावर ती म्हणाली,

"सकाळी किती वाजता जाता चालायला?"

"साडेसहाला."

"कुठवर?"

"नदीवर. घाटापत्तुर जायचं न् माघारी."

"सरळच चालता ना?" तिने विचारलं आणि पिशवीतून पेरू काढून पदराने पुसायला घेतला.